मोठ्या चाकावरची पिवळी खूण

"मारा सेल्फ!" आप्पा ओरडले.

खोराटे सरांनी डोळे मिटले, ओठातल्या ओठात कुठल्यातरी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, एकदा सगळ्या अंगानं हललं आणि कार्बोरेटरमधून असा काही फाटकन आवाज आला की उघड्या बोनेटला अडकवलेला झेंडूचा हार सुटून माझ्या डोक्यावर पडला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. आप्पांनी मागं उडी मारली ती थेट पंक्चरच्या टपात. सर मात्र किल्ली धरून तसेच बसून होते, एक पाय गाडीत आणि एक बाहेर.

"झाली का चालू?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"कुठली चालू? खोकली नुसती," टपातून पाय काढत आप्पा म्हणाले.

दसऱ्याचा दिवस होता. गडहिंग्लजला संकेश्वर रोडवर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं गॅरेज. पुढं गॅरेज, मागं घर, मधे एक दार. मी नुकताच डिप्लोमा करून घरी आले होते आणि सरांच्या गाडीची टायमिंग चेन बदलणं हे मी एकटीनं केलेलं पहिलं मोठं काम. आप्पांनी हात लावायचा नाही अशी माझी अट होती. ती त्यांनी पाळली होती, म्हणजे लांब उभं राहून फक्त तोंड चालवलं होतं.

खोराटे सर भूगोल शिकवायचे. वर्गात अख्खी पृथ्वी छडीच्या टोकावर फिरवायचे, पण गाडी कधी निपाणीच्या पुढं नेलेली नव्हती. पन्नाशी ओलांडलेले, बिनलग्नाचे. रस्त्यात मोठा खड्डा दिसला की गाडी थांबवून, उतरून, आधी तो पायानं बघून यायचे. आणि गॅरेजमध्ये रोज हजर. "जरा आवाज येतोय," म्हणायचे. आप्पा इंजिन ऐकायचे, गाडी फिरवून आणायचे आणि शेवटी म्हणायचे, "सर, गाडीला काय बी झालेलं न्हाई. तुमच्या कानाला झालंय." तरी सर बाकड्यावर बसायचे, चहा घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा आवाज घेऊन यायचे. शेवटी त्या गाडीलाच लाज वाटली असावी. नवरात्राच्या तोंडावर तिची चेन खरोखरच खडखडायला लागली.

गाडी दुरुस्तीला टाकली त्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "बाळासाहेब, दसऱ्याला मिळेल ना नक्की?"

"मिळंल की. एवढी काय घाई?"

सरांनी कपाळ पुसलं. "एका ठिकाणी शब्द टाकायचाय. सोनं द्यायचं आणि विचारायचं. लग्नाचं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

आप्पांच्या हातातला पाना खाली पडला. मी गाडीखाली होते, मी डोकं वर आपटलं. माझी आत्ती नेमकी तेव्हाच चहा घेऊन आली होती. तिनं कप बाकड्यावर ठेवले आणि आत गेली.

"मी ठरवून टाकलंय," सर म्हणाले. "दसऱ्याला गाडी चालू झाली तर विचारणार. नाही झाली तर समजायचं, नको होतं. मग तो विषय कायमचा बंद."

"अवं सर, असं गाडीवर कशाला घालताय?"

"मग कुणावर घालू? इतकी वर्षं स्वतःवर घालून बघितलं की."

बाईंचं नाव काही त्यांनी सांगितलं नाही. पण आमच्या घरात कुणाच्या सांगण्यावाचून काही अडत नसे. सर अधूनमधून निपाणीला जातात, निपाणीच्या शाळेत एक बाई आहेत, त्याही बिनलग्नाच्या. आप्पांनी संध्याकाळपर्यंत सगळं जुळवून टाकलं, पोशाखासकट. मग मला म्हणाले, "सुलू, ही गाडी चालू झाली न्हाई तर हा माणूस परत जन्मात तोंड उघडायचा न्हाई. ध्यानात ठेव."

ते मी ध्यानात ठेवलं होतं. म्हणून तर गाडी खोकल्याबरोबर मी डोक्यावरच्या हारासकट इंजिनावर वाकले.

आप्पांनी प्लग काढून बघितला. करंट येत होता. पेट्रोल येत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला पुढचं कळलं.

"टायमिंग बघ."

"टायमिंग बरोबर आहे. खूण मी स्वतः जुळवलीय."

"तरी बघ."

ज्यांनी इंजिन आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या तोंडाशी, एका झाकणामागं, दोन दातेरी चाकं असतात. खाली लहान, वर मोठं. खालचं पिस्टन हलवणाऱ्या दांड्याचं, वरचं हवा-पेट्रोलची दारं उघडणाऱ्या दांड्याचं. दोघांना बांधणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. दोन्ही चाकांवर कारखान्यातूनच एकेक बारीक ठिपका ठोकलेला असतो. हे दोन ठिपके समोरासमोर आणायचे आणि मग चेन चढवायची. थोडे दाते जरी इकडंतिकडं झाले तरी नको तेव्हा दारं उघडतात, आणि गाडी चालायच्या ऐवजी खोकते. ठिपके अंधारात दिसत नाहीत म्हणून आमच्या गॅरेजात त्यांच्यावर पिवळ्या रंगाचा थेंब द्यायची पद्धत होती.

पुन्हा रेडिएटर काढला, पंखा काढला, पुली काढली, झाकण काढलं. सर बाकड्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं होतं. झाकण निघाल्यावर मी पान्यानं चाकं फिरवून खुणा जवळ आणल्या, बॅटरीचा झोत आत टाकला आणि मला इतका आनंद झाला की मी गाणंच म्हणायची राहिले.

"बघा! बघा आता!" मी दोन्ही खुणांवर बोट घासून दाखवलं. "खाली पिवळी, वर पिवळी. नाकासमोर नाक!"

आप्पा वाकले. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. खुणा अगदी समोरासमोर होत्या.

"आयला," ते म्हणाले. "मग चालू का होईना?"

"ते मला काय विचारता? माझी खूण बरोबर आहे."

"तुझी खूण घाल चुलीत! गाडी बंद हाय!"

"पण खूण बरोबर आहे!"

असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी आप्पांनी स्कूटर काढली आणि आपट्याची पानं आणायच्या निमित्तानं डोकं थंड करायला निघून गेले.

सर उठले. वर्तमानपत्राची नीट घडी घातली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशात आपट्याची डहाळी.

"राहू दे, सुलक्षणा. तू खूप केलंस. काही गोष्टी नसतात माणसाच्या."

"सर, अजून सूर्य मावळलेला नाही."

"मावळतोच तो. तेवढा भूगोल मला येतो."

मला हसू आवरेना आणि वाईटही वाटायला लागलं. तेवढ्यात आतून आत्तीचा आवाज आला, "सणाच्या दिवशी कुणी उपाशी जायाचं न्हाई. पोळ्या वाढल्यात." सर थबकले. बूट काढून आत जेवायला गेले. ते आत गेल्याबरोबर मी त्यांचा एक बूट उचलला आणि पान्यांच्या पेटीत लपवला. एका बुटावर कुणी आयुष्यभराचा निर्णय घेत नाही, असा माझा हिशेब होता.

मग हात धुवायला मोरीवर गेले. ग्रीसच्या हाताला आम्ही धुण्याची पावडर लावायचो. चिमूटभर घेतली, चोळली, आणि बघते तर काय, माझ्या बोटाचं टोक लालभडक झालेलं.

आधी वाटलं कापलं. पाणी ओतलं. रक्त नव्हतं. ज्या बोटानं मी मोठ्या चाकावरची पिवळी खूण घासून दाखवली होती तेच ते बोट. आता आपल्याकडं कुणाला सांगायला नको, साबण लागल्यावर लाल होणारा पिवळा रंग जगात एकच. रंगाच्या डब्यातला नव्हे. हळदीच्या डब्यातला!

मी ओल्या हातानं पळत सुटले. चिंधी घेतली आणि मोठ्या चाकावरची खूण पुसली. ती सगळीच्या सगळी निघाली. खाली ठोकलेला ठिपका नव्हता, गुळगुळीत लोखंड होतं. खरा ठिपका चार दाते पलीकडं, ग्रीसखाली, आरामात बसला होता. मला इतकं हसू आलं की मी बंपरला धरून खालीच बसले. खालच्या चाकाला रंग मी लावला होता, अष्टमीच्या संध्याकाळी. वरचं राहिलं होतं. नवमीला हत्यारं पूजेत, तेव्हा कशाला हात लावायचा नव्हता. दसऱ्याला सकाळी बघते तर वरच्यावरही पिवळं. मला वाटलं, आप्पांनी लावलं. आप्पांना वाटलं, मी लावलं. आणि आम्ही दोघं मिळून त्या गाडीला हळदीच्या बोटावर चालवायला निघालो होतो.

पण हे बोट कुणाचं? आप्पांनी पूजा केली होती ती पाटावर मांडलेल्या पान्यांची आणि जॅकची. सरांचं उघडं इंजिन पोत्याखाली झाकलेलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. पुढच्या खोलीत सर कटाच्या आमटीकडं बघत बसले होते. आत्ती तव्यावर पोळी टाकत होती.

"आत्ती, आप्पांनी इंजिनात हळद लावली होती का गं?" मी हळूच विचारलं.

आत्तीचा चेहरा उतरला. "का? काय झालं?"

"त्याच्यामुळंच गाडी चालू होत नाही."

"अगं बाई! त्या वरच्या मोठ्या चाकाला इवलीशी हळद लागली तर एवढी गाडी बंद पडती व्हय?"

मी तिच्याकडं बघत राहिले. चाकाचं नाव मी काढलंच नव्हतं. तिलाही ते कळलं. उलथनं तसंच हातात.

"बाळूला सांगू नको," ती पुटपुटली. बाळू म्हणजे आप्पा.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्तीनं. ती त्याच्याही आधी विधवा होऊन भावाकडं, आप्पांकडं आलेली. गॅरेजची पूजा असो की घरातलं हळदीकुंकू, आत्ती सगळी तयारी करायची, कडाकण्या तळायची, करंडा घासून पुसून ठेवायची आणि वेळेला उंबऱ्याच्या आत उभी राहायची. करंड्यात तिनं बोट बुडवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तसं तिला कुणी बजावलेलं नव्हतं. पण कुणी 'ये' असंही म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"का लावलीस?"

"लावावंसं वाटलं," ती म्हणाली. "सगळी झोपल्यावर पोतं उचललं नि लावली. म्हटलं, चांगलं व्हावं."

मी तिला तशीच मिठी मारली, ग्रीसच्या हातांनी. तिच्या नव्या लुगड्याच्या पाठीवर माझे दोन पंजे उठले.

"चल. पोळी राहू दे. बॅटरी धरायला चल मला."

"मी?"

"तूच. बंद तू पाडलीस, चालू पण तूच करायची."

सरांना मी फक्त एवढंच सांगितलं की खूण चुकली होती. ते अर्ध्या पोळीवरून उठले. खालच्या दांड्याच्या बोल्टला पाना लावून तो हळूहळू फिरवायला एक माणूस लागतो. ते काम मी त्यांना दिलं. ते एका पायात बूट, एका पायात मोजा असे बसले. बूट कुठं गेला हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आत्ती बॅटरी घेऊन वाकली. मी चेन उतरवली, मोठं चाक पुसलं, खऱ्या ठिपक्यावर रंगाचा थेंब दिला आणि तो खाली वळवला.

"सर, आता तुम्ही. हळू. अजून थोडं. अजून."

"झालं का?"

"अजून. आत्ती, उजेड चाकावर दे गं."

उजेड चाकावर आला. परत हलला.

"आत्ती, चाकावर! सरांच्या तोंडावर काय खूण आहे का?"

"हात भरून आला माझा," आत्ती म्हणाली.

सरांचा पाना सुटून खण्णकन खाली पडला. तो उचलायला दोघं एकदम वाकले आणि डोकी आपटली. दोघांनी एकदम "लागलं का?" असं विचारलं. मला वाटलं, या दोन म्हाताऱ्यांच्या भरवशावर काम करायचं म्हणजे दिवाळीच उजाडेल.

"बास!" मी ओरडले. "हलवू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!"

ठिपक्यासमोर ठिपका आला होता. मी चेन चढवली, खीळ घातली, आणि सरांकडून सावकाश दोन फेरे मारून घेऊन पुन्हा बघितलं. ठिपके समोरासमोर. मग झाकण, पुली, पंखा, रेडिएटर. आप्पा स्कूटरवरून आपट्याचा भारा घेऊन आले तेव्हा मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते.

"काय झालं?"

"खूण चुकली होती."

"मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होता. मारा सेल्फ, सर!"

सर बसले. आत्ती दारात उभी राहिली. आप्पा या खेपेला टपापासून लांब उभे राहिले. सरांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात अशी चालू झाली, अशी मऊ, घुमत, न खडखडता, की मी उडीच मारली. आप्पांनी आपट्याची पानं बोनेटवर उधळली. मी ओरडत होते, आप्पा त्याहून मोठ्यानं ओरडत होते. शेजारचा चक्कीवाला चक्की बंद करून बघायला आला.

"जावा, सर, जावा आता!" आप्पांनी बोनेट आपटून लावलं. "अजून उजेड हाय! निपाणी काय लांब न्हाई!"

"निपाणीला कशाला?" सर म्हणाले.

"कशाला म्हंजे? बाईंना इचारायला!"

"कोण बाई? निपाणीला माझे दातांचे डॉक्टर आहेत."

असं म्हणून त्यांनी गाडी बंद केली. एवढी मरमर करून चालू केलेली गाडी त्यांनी बंद केली! मी कपाळावर हात मारला. सर उतरले. एका पायात बूट, एका पायात काळा झालेला मोजा, खिशातली डहाळी काढून हातात धरलेली. ते दारापर्यंत चालत गेले आणि आत्तीसमोर उभे राहिले.

"अनसूयाबाई," ते म्हणाले. "म्हणजे ते आपलं... मी असं ठरवलं होतं की..."

पुढं काही येईना. त्यांनी डहाळीचं एक पान सरळ केलं, मग दुसरं.

"सोनं द्यायचंय, का नुसतं धरून उभं ऱ्हायाचंय?" आत्ती म्हणाली.

सरांनी डहाळी दिली. आत्तीनं दोन्ही हातांनी घेतली.

"गाडी चालू झाली तर म्हणणार होतो, बसा," सर एका दमात म्हणाले. "गाडीच नसती तर बसा तरी कशात म्हणणार? आता झालीय. म्हणून म्हणतो. बसा. म्हणजे आजच्यापुरतं नव्हे. कायमचं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटावर आमचे सगळे पाने होते, जॅक होता, माझी नवी पेटी होती. आत्तीनं पोतं उचलून हळद लावली होती ती एकाच गाडीला.

आप्पांच्या हातात पानांचा भारा तसाच. तोंड उघडं. आत्तीनं त्यांच्याकडं बघितलं.

"बाळू, तुला इचारत न्हाई मी," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "सांगतेय."

"आक्का," आप्पा म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलंच नसणार. "मग चहा कोण करणार?"

"तुला देवानं हात दिल्यात की."

मी हसत सुटले. चक्कीवाला हसला, सर हसले, आत्ती तोंडाला पदर लावून हसली आणि आप्पा हसता हसता मोठ्यानं रडायला लागले. मग तेच पुढं झाले, डोळे पुसले, गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "बस, आक्का. एक चक्कर मारून या. पेट्रोल टाकलंय." आत्ती पंजांचे ठसे उठलेल्या लुगड्यानिशीच मागच्या सीटवर बसली. मी पळत जाऊन सरांचा बूट आणून दिला.

गाडी निघाली. आप्पा आणि मी रस्त्यावर येऊन बघत उभे राहिलो. मला आनंदानं नुसतं उड्या माराव्याशा वाटत होत्या आणि घर आत्ताच रिकामं झाल्यासारखंही वाटत होतं. गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि वळणावर थांबली.

"बंद पडली!" आप्पा ओरडले. त्यांनी पान्यांची पेटी उचलली आणि पळायला लागले. मी त्यांच्या मागं. सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं, चेन, ठिपके, दाते. कुठं चुकलं? आता कुठं चुकलं?

गाडीचं मागचं दार उघडलं. आत्ती खाली उतरली. तिनं पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं, पुढचं दार उघडलं आणि सरांच्या शेजारी जाऊन बसली. दार लागल्याचा आवाज आम्हाला तिथपर्यंत ऐकू आला. मग गाडी वळणावरून पुढं गेली.

आप्पा पेटी घेऊन रस्त्याच्या मधोमध तसेच उभे होते. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि आम्हा दोघांनाही बाजूला व्हायचं सुचत नव्हतं.